अमेरिकेतील पगारातून कापला जाणारा आयकर: डब्ल्यू-४ भरण्यापासून वर्षअखेरच्या पडताळणीपर्यंत

भारतातून अमेरिकेत नोकरीसाठी आलेल्या माणसाला पहिला पगार मिळाला की दोन प्रश्न पडतात. ऑफर लेटरवरचा आकडा आणि बँकेत जमा झालेला आकडा यांत एवढी तफावत कशी, हा पहिला प्रश्न. आणि कापला गेलेला कर बरोबर आहे की नाही हे सांगणार कोण, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पगाराच्या पावतीवर, म्हणजे इथल्या भाषेत पे-स्टबवर, ओळीओळीने लिहिलेले असते. दुसऱ्याचे उत्तर मात्र ‘कोणीच नाही’ असे आहे, आणि नवख्या माणसाला तेच उशिरा कळते.

भारतात आपल्याला टीडीएसची सवय असते. कंपनी वर्षाच्या सुरुवातीला गुंतवणुकीचे अंदाज घेते, जानेवारीच्या आसपास पुरावे मागते, शेवटच्या दोन-तीन पगारांत हिशेब जुळवून टाकते, आणि पगाराखेरीज दुसरे उत्पन्न नसेल तर फॉर्म १६ वरचा कर आणि विवरणपत्रातला कर बहुधा एकच निघतो. अमेरिकेतली कंपनी पुरावे मागत नाही आणि डिसेंबरात हिशेबही जुळवत नाही. तुमच्या जोडीदाराचा पगार किती, भारतातल्या ठेवींवर व्याज किती येते, यातले काहीही तिला ठाऊक नसते. तिच्याजवळ असतो फक्त एक अर्ज, डब्ल्यू-४, जो आपण रुजू होण्याच्या दिवशी इतर वीस कागदांबरोबर दोन मिनिटांत भरून टाकलेला असतो. त्या दोन मिनिटांत काय भरावे आणि पुढे वर्षभर काय तपासावे, एवढाच या लेखाचा विषय आहे. लेखातले आकडे २०२६ या करवर्षाचे आहेत. इथे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असते, हेही प्रारंभीच ध्यानात ठेवावे.

पगारातून नेमके काय काय जाते

पे-स्टबवर चार प्रकारच्या कपाती दिसतात, आणि त्यांतल्या एकाच कपातीवर डब्ल्यू-४ चा परिणाम होतो. ती म्हणजे केंद्राचा, अर्थात फेडरल, आयकर. पगारातून आयकर थेट कापून घेण्याची आजची पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ च्या कायद्याने आली. तिचे मूळ तत्त्व तेव्हापासून तेच आहे: वर्षभर अंदाजाने कापत राहायचे आणि खरा हिशेब पुढच्या वर्षी १५ एप्रिलपर्यंत विवरणपत्रात करायचा.

दुसरी कपात सोशल सिक्युरिटीची, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन योजनेची. ती पगाराच्या ६.२ टक्के असते आणि २०२६ मध्ये १,८४,५०० डॉलरपर्यंतच्या पगारावरच लागते, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त ११,४३९ डॉलर. मोठ्या पगाराच्या लोकांना वर्षाच्या उत्तरार्धात अचानक पगार वाढल्यासारखा वाटतो, तो ही मर्यादा ओलांडल्यामुळे. जानेवारीत कपात पुन्हा सुरू होते. तिसरी कपात मेडिकेअरची, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याची, १.४५ टक्के, तिला वरची मर्यादा नाही. या दोन्हींना मिळून ‘फायका’ म्हणतात आणि त्यांचे दर ठरलेले असल्याने डब्ल्यू-४ मध्ये काहीही लिहिले तरी त्या बदलत नाहीत. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा परस्पर करार आजवर झालेला नाही, त्यामुळे सात-आठ वर्षे राहून परतणाऱ्यांना हे पैसे गेल्यातच जमा वाटतात. ती तक्रार मला रास्त वाटते, पण तिच्यावर पगारपत्रकापाशी इलाज नाही.

चौथी कपात राज्याच्या आयकराची. तिचा विचार शेवटाकडे करू.

एक पे-स्टब ओळीओळीने

समजा, एकट्या राहणाऱ्या, करासाठी रहिवासी ठरलेल्या (ही कसोटी पुढे येईल) व्यक्तीचा वार्षिक पगार १,०४,००० डॉलर आहे आणि तो दर दोन आठवड्यांनी मिळतो. वर्षात असे २६ पगार होतात, म्हणजे प्रत्येक पगार ४,००० डॉलरचा. (महिन्यातून ठरावीक दोन तारखांना पगार देणाऱ्या कंपन्यांत ते २४ होतात. आपले किती, हे आधी पाहून घ्यावे, कारण पुढची सगळी गणिते त्यावर चालतात.) या व्यक्तीने ४०१-के निवृत्ती योजनेत पारंपरिक पद्धतीने ६ टक्के, म्हणजे २४० डॉलर टाकले आणि आरोग्यविम्याचा हप्ता ६० डॉलर करपूर्व कापला गेला.

फेडरल आयकरासाठी पगार धरला जाईल तो ४,००० वजा २४० वजा ६०, म्हणजे ३,७०० डॉलर. फायकासाठी मात्र ३,९४० डॉलर धरले जातील, कारण ४०१-के मधली रक्कम आयकरातून सुटते पण फायकातून सुटत नाही. विम्याचा हप्ता दोन्हींतून सुटतो. एकाच पगारावर दोन वेगळे ‘करपात्र’ आकडे का, या गोंधळाचे कारण एवढेच आहे. ४०१-के मध्ये ‘रॉथ’ हा, म्हणजे कर आधी भरून पैसे टाकण्याचा, पर्याय निवडला असेल, तर ती रक्कम आयकरातूनही सुटत नाही.

आता पेरोलची, म्हणजे कंपनीच्या पगार विभागाची, संगणक प्रणाली असा हिशेब करते: ३,७०० गुणिले २६, म्हणजे वर्षाला ९६,२०० डॉलर. त्यातून एकट्या व्यक्तीची प्रमाणित वजावट, म्हणजे पुरावे न देता मिळणारी ठरावीक वजावट, १६,१०० डॉलर वजा केली की उरतात ८०,१००. पहिल्या १२,४०० डॉलरवर १० टक्के म्हणजे १,२४०. त्यापुढे ५०,४०० पर्यंत १२ टक्के म्हणजे ४,५६०. उरलेल्या २९,७०० वर २२ टक्के म्हणजे ६,५३४. एकूण १२,३३४ डॉलर. त्याला २६ ने भागले की दर पगाराला ४७४.३८. सोशल सिक्युरिटी २४४.२८ आणि मेडिकेअर ५७.१३. राज्याचा कर धरण्यापूर्वी हातात येतात २,९२४.२१ डॉलर.

हे गणित एकदा स्वतःच्या पगारावर कागदावर करून पाहावे. दोन-चार डॉलरचा फरक पडला तर काळजी नको, पण शेकड्यांत फरक असेल तर डब्ल्यू-४ मध्ये भरलेले आणि आपल्याला वाटत असलेले यांत कुठेतरी अंतर आहे. या गणिताचे एक गृहीत मात्र ध्यानात ठेवावे: प्रणाली धरून चालते की हाच पगार वर्षभर मिळणार आहे आणि दुसरे कुठलेही उत्पन्न नाही. पुढचे जवळजवळ सगळे घोळ या एका गृहीतातून जन्माला येतात.

डब्ल्यू-४ चे पाच टप्पे

२०२० पूर्वीच्या अर्जात ‘अलाउन्स’ मोजावे लागत. जुन्या सहकाऱ्यांकडून ‘शून्य टाक’ किंवा ‘दोन टाक’ असा सल्ला अजून ऐकू येतो, तो त्या काळातला आहे आणि आजच्या अर्जाला लागू होत नाही. आजच्या अर्जात पाच टप्पे आहेत. पहिला आणि पाचवा सर्वांसाठी सक्तीचा, मधले तीन ज्याला लागू होतील त्याने भरायचे.

पहिल्या टप्प्यात नाव, पत्ता, सोशल सिक्युरिटी क्रमांक आणि तीन चौकटी येतात: एकटे किंवा विवाहित पण वेगळे विवरण भरणारे, विवाहित आणि संयुक्त विवरण भरणारे, आणि ‘हेड ऑफ हाउसहोल्ड’. या तिसऱ्या चौकटीने आपल्या लोकांना बरेच फसवले आहे. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून नाव असलेला माणूस ‘घरचा कर्ता मीच’ म्हणून ती चौकट सहज भरतो. करकायद्यात तिचा अर्थ वेगळा आहे: ती साधारणपणे अविवाहित किंवा जोडीदारापासून वेगळे राहणाऱ्या, आणि मूल किंवा अन्य अवलंबित व्यक्तीचे घर चालवणाऱ्या माणसासाठी आहे. बायको-मुलांसह एकत्र राहणाऱ्याला ती लागू नाही. ती भरली की प्रमाणित वजावट २४,१५० डॉलर धरली जाते, कर कमी कापला जातो आणि एप्रिलमध्ये फरक भरावा लागतो. डब्ल्यू-४ भरलाच नाही, तर कंपनी तुम्हाला पहिल्या चौकटीतले धरून कर कापते.

दुसरा टप्पा एकाहून अधिक नोकऱ्यांचा किंवा दोघे कमावत्या जोडप्याचा. त्यावर पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

तिसऱ्या टप्प्यात मुले आणि अवलंबित व्यक्ती येतात. १७ वर्षांखालच्या, सोशल सिक्युरिटी क्रमांक असलेल्या मुलामागे २,२०० डॉलर आणि इतर अवलंबितांमागे ५०० डॉलर लिहायचे असतात. एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, आलेल्या मुलांना सहसा सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळत नाही, आयटिन हा केवळ करासाठीचा क्रमांक मिळतो. अशा मुलामागे २,२०० नव्हे तर ५०० डॉलर धरावे. दोन मुले एच-४ वर असलेल्या घरात हीच चूक ३,४०० डॉलरची होते. इथे जन्मलेल्या मुलाला मात्र पूर्ण रक्कम लागू होते. भारतात राहणाऱ्या आई-वडिलांना दरमहा पैसे पाठवले तरी त्यांना इथे अवलंबित म्हणून दाखवता येत नाही, कारण अवलंबित व्यक्ती अमेरिकेची नागरिक किंवा अमेरिका, कॅनडा वा मेक्सिकोची रहिवासी असावी लागते. आणखी एक: पती-पत्नी दोघेही नोकरीत असतील, तर मुलांची रक्कम एकाच्याच अर्जात लिहावी, शक्यतो ज्याचा पगार जास्त त्याच्या.

चौथ्या टप्प्यात तीन ओळी आहेत. ‘अ’ ओळीत पगाराबाहेरचे उत्पन्न लिहिले की त्यावरचा करही पगारातून कापला जातो. ‘ब’ ओळीत प्रमाणित वजावटीपेक्षा जास्त वजावटी मिळणार असतील तर तो वरचा भाग लिहायचा. घरकर्जाचे मोठे व्याज असलेल्यांना ती लागू होऊ शकते. भारतातली ८०-सी ची सवय इथे आणू नये: एलआयसीचा हप्ता, पीपीएफ यांना या अर्जात स्थान नाही, आणि ४०१-के ची रक्कमही इथे लिहायची नाही, कारण ती पगारातून आधीच वजा झालेली असते. ‘क’ ओळीत दर पगाराला आणखी किती डॉलर कापावेत, हे सांगता येते. सबंध अर्जात ही ओळ मला सर्वांत उपयोगी वाटते, कारण बाकी ठिकाणी आपण प्रणालीला माहिती देतो आणि तिने योग्य हिशेब करावा अशी आशा करतो. इथे थेट आकडा सांगतो.

पाचवा टप्पा सहीचा. सही नसलेला अर्ज वैध धरला जात नाही.

दोघेही कमावते असतील तर

आमच्या घरात पहिला धडा इथे मिळाला. दोघांनी आपापल्या कंपनीत ‘विवाहित, संयुक्त विवरण’ ही चौकट भरली, जी अक्षरशः खरी होती, आणि दुसऱ्या टप्प्यावरून नजर पुढे सरकवली. एप्रिलमध्ये पाच आकडी रक्कम भरावी लागली. चूक कोणाचीच नव्हती. दोन्ही कंपन्यांनी आम्ही सांगितले तेवढेच केले होते.

काय होते ते आकड्यांत पाहू. एकाचा करपात्र पगार १,२०,००० डॉलर आणि दुसऱ्याचा ९०,००० डॉलर. संयुक्त विवरणासाठी प्रमाणित वजावट ३२,२०० डॉलर. १० टक्क्यांचा टप्पा २४,८०० पर्यंत आणि १२ टक्क्यांचा १,००,८०० पर्यंत. पहिली कंपनी समजते की घरात १,२०,००० डॉलरच येतात. ती पूर्ण ३२,२०० वजा करून ८७,८०० वर कर काढते: १०,०४० डॉलर. दुसरी कंपनीही तीच पूर्ण वजावट पुन्हा देते आणि उरलेल्या ५७,८०० वर कर काढते: ६,४४० डॉलर. दोघांचे मिळून कापले गेले १६,४८०. प्रत्यक्षात एकत्र उत्पन्न २,१०,०००, वजावट एकदाच, करपात्र १,७७,८००, आणि कर २८,५४० डॉलर. तूट १२,०६० डॉलरची. एकच वजावट दोनदा दिली गेली आणि खालच्या दराचे टप्पेही दोनदा वापरले गेले. दोन्ही पगारांतला एकही डॉलर २२ टक्क्यांच्या टप्प्यात पोहोचलाच नाही.

यावर सर्वांत सोपा उपाय म्हणजे दुसऱ्या टप्प्यातली ‘क’ चौकट. ती दोघांनीही आपापल्या अर्जात भरायची; एकानेच भरून भागत नाही. ती भरली की प्रत्येक कंपनी वजावट आणि करदरांचे टप्पे निम्मे धरते. वरच्या उदाहरणात पहिल्याचे १७,५७० आणि दुसऱ्याचे १०,९७० कापले जातील. बेरीज २८,५४०, म्हणजे खऱ्या कराइतकीच.

हा नेमकेपणा दोन्ही पगार जवळपासचे असतील तेव्हाच येतो. समजा, तीच एकूण कमाई १,८०,००० आणि ३०,००० अशी विभागलेली असती, तर दोघांनी ही चौकट भरल्यावर सुमारे ४,८०० डॉलर जास्त कापले गेले असते. ते परत मिळतात, पण विवरणपत्र भरल्यानंतर. अशा जोडप्याने अर्जासोबतचा हिशेबाचा तक्ता वापरावा किंवा आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या आयकर विभागाच्या, संकेतस्थळावरचा विथहोल्डिंग एस्टिमेटर (कपातीचा हिशेबक) वापरून एका ठरावीक रकमेचा आकडा काढावा आणि तो जास्त पगार असलेल्याच्या अर्जात चौथ्या टप्प्याच्या ‘क’ ओळीत लिहावा. एस्टिमेटर वापरताना दोघांचे अगदी अलीकडचे पे-स्टब आणि मागच्या वर्षीचे विवरणपत्र हाताशी असावे. अंदाजे आकडे टाकले तर उत्तरही अंदाजेच येते. एच-४ वरच्या जोडीदाराला काम करण्याचा परवाना मिळून तो किंवा ती वर्षाच्या मध्यात नोकरीला लागली, तर दोन्ही अर्ज त्याच आठवड्यात बदलावेत. नव्याचा अर्ज भरला जातोच. जुन्या नोकरीतला राहून जातो.

मेडिकेअरमध्येही असाच एक कोपरा आहे. वर्षात २,००,००० डॉलरच्या वरच्या पगारावर प्रत्येक कंपनी ०.९ टक्के जादा मेडिकेअर कर कापते, पण संयुक्त विवरणासाठी खरी मर्यादा दोघांच्या मिळून २,५०,००० ची आहे. दोघांचा पगार प्रत्येकी १,८०,००० असेल, तर कोणतीच कंपनी हा कर कापत नाही, आणि १,१०,००० वर ०.९ टक्के म्हणजे ९९० डॉलर विवरणपत्रात भरावे लागतात.

बोनस आणि कंपनीचे शेअर

बोनसवर किंवा आरएसयू (कंपनीकडून मोबदल्याचा भाग म्हणून मिळणारे शेअर) हातात येतात त्या दिवशी कंपनी बहुधा सरसकट २२ टक्के फेडरल कर कापते. नियमाप्रमाणे वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतच्या अशा रकमेवर हा दर चालतो आणि त्यावर ३७ टक्के. ‘बोनसवर कर जास्त लागतो’ हा समज इथून आला असावा, पण खरे तर बोनसला वेगळा कर नाही. विवरणपत्रात तो पगारातच मिळवला जातो. ज्याचा वरचा टप्पा १२ टक्क्यांचा आहे त्याचे जास्त कापले जाते. तंत्रज्ञान कंपन्यांतल्या आपल्या मंडळींची अडचण उलटी असते. ज्याचे उत्पन्न ३२ टक्क्यांच्या टप्प्यात आहे, त्याचे ४०,००० डॉलरचे आरएसयू आले, तर कापले जातात ८,८०० आणि कर लागतो १२,८००. तूट ४,००० डॉलरची, आणि वर्षात चार वेळा शेअर येत असतील तर चौपट. काही कंपन्या या रकमेवर जास्त दराने कापण्याचा पर्याय देतात. पेरोल विभागाला विचारून पाहावे. नसेल तर तूट उरलेल्या पगारांत विभागून चौथ्या टप्प्याच्या ‘क’ ओळीत टाकावी.

भारतातले उत्पन्न

करासाठी अमेरिकेचा रहिवासी ठरलेल्या माणसाला जगभरातल्या उत्पन्नावर इथे कर लागतो. एनआरई ठेवीचे व्याज भारतात करमुक्त आहे म्हणून इथेही करमुक्त असेल, हा समज चुकीचा आहे. ते इथे पूर्ण करपात्र असते. वर्षाला ३,००० डॉलरइतके व्याज येत असेल आणि आपला टप्पा २२ टक्क्यांचा असेल, तर ६६० डॉलर कर होतो आणि त्यासाठी कोणीही काही कापलेले नसते. चौथ्या टप्प्याच्या ‘अ’ ओळीत ३,००० लिहिले की प्रश्न मिटतो. एनआरओ खात्याचे व्याज किंवा पुण्यातल्या फ्लॅटचे भाडे यांवर भारतात कर भरलेला असल्यास त्याचे क्रेडिट, म्हणजे इथल्या करातून तेवढी वजावट, मर्यादेत मिळते, त्यामुळे ‘अ’ ओळीतला आकडा त्या बेताने कमी धरावा. ज्याला आपले भारतातले उत्पन्न कंपनीला कळू द्यायचे नसेल, त्याने तीच गोष्ट चौथ्या टप्प्याच्या ‘क’ ओळीतल्या जादा कपातीने साधावी; तिथे कारण लिहावे लागत नाही.

पहिले वर्ष आणि व्हिसा

एफ-१ व्हिसावरचा विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षे करासाठी सहसा अनिवासी असतो. या काळात, ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्यावर, नोकरी करतानाही, त्याच्या पगारातून फायका कापला जाऊ नये. पहिल्या पे-स्टबवर सोशल सिक्युरिटीची ओळ दिसली तर लगेच पेरोलला कळवावे. चुकून कापलेले पैसे आधी कंपनीकडेच मागायचे असतात, आणि ती परत करत नसेल तरच फॉर्म ८४३ भरून आयआरएसकडे. अनिवासी व्यक्तीने डब्ल्यू-४ मध्ये, विवाहित असली तरी, पहिलीच चौकट भरावी आणि चौथ्या टप्प्याच्या ‘क’ ओळीखालच्या जागेत अनिवासी असल्याची तीन अक्षरी खूण (एनआरए, NRA) लिहावी. अनिवासींच्या कपातीत कंपनीला पगारात एक रक्कम मिळवून हिशेब करावा लागतो, पण भारतीय विद्यार्थ्यांना करारामुळे ही तरतूद लागू होत नाही. पेरोलमधल्या माणसाला हे माहीत असेलच असे नाही. अनिवासींच्या डब्ल्यू-४ साठी आयआरएसने काढलेल्या नोटीस १३९२ चा हवाला द्यावा.

एच-१बी ची नोकरी अनेकांची १ ऑक्टोबरला सुरू होते. त्या दिवसापासून डिसेंबरअखेर जास्तीत जास्त ९२ दिवस भरतात, आणि रहिवासी ठरायला १८३ दिवसांची कसोटी आहे, ज्यात मागच्या दोन वर्षांचे दिवस अनुक्रमे एक तृतीयांश आणि एक षष्ठांश धरले जातात. त्यामुळे भारतातून थेट ऑक्टोबरात आलेली व्यक्ती त्या वर्षासाठी बहुतेक वेळा अनिवासीच असते, मात्र फायका पहिल्या दिवसापासून लागू होतो. पुढच्या वर्षी इथेच राहण्याचे नक्की असेल, तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात रहिवासी म्हणून नवा डब्ल्यू-४ द्यावा. आयआरएसचा एस्टिमेटर अनिवासींसाठी नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो.

राज्याची कपात

अलास्का, फ्लोरिडा, नेवाडा, न्यू हॅम्पशायर, साउथ डकोटा, टेनेसी, टेक्सास, वॉशिंग्टन आणि वायोमिंग या नऊ राज्यांत पगारावर राज्याचा आयकर नाही. इतरत्र राज्याचा वेगळा अर्ज असू शकतो: कॅलिफोर्नियात डीई-४, न्यूयॉर्कमध्ये आयटी-२१०४. जर्सी सिटीत राहून न्यूयॉर्कमध्ये कामाला जाणाऱ्याच्या पगारातून न्यूयॉर्कचा कर कापला जातो आणि न्यू जर्सीच्या विवरणात त्याचे क्रेडिट घ्यावे लागते. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया यांच्यात मात्र करार आहे आणि पगारावर राहत्या राज्याचाच कर लागतो, फक्त कंपनीला तसा अर्ज द्यावा लागतो. राज्यांचे नियम फेडरल नियमांशी जुळतातच असेही नाही. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी एचएसए (आरोग्यखर्चासाठीच्या बचत) खात्यातली रक्कम करमुक्त मानत नाहीत, म्हणून तिथल्यांच्या पे-स्टबवर राज्याचा करपात्र पगार फेडरलपेक्षा मोठा दिसतो.

वर्षातून दोनदा पडताळणी

जूनच्या शेवटी एकदा आणि ऑक्टोबरात एकदा, अर्धा तास काढून बसावे. ताज्या पे-स्टबवरचा ‘वायटीडी’ स्तंभ, म्हणजे वर्षात आजवरची बेरीज, घ्यावा. आजवर कापलेला फेडरल कर अधिक उरलेल्या पगारांत कापला जाणारा कर, ही एक बाजू. दोघांचे वर्षाचे अपेक्षित उत्पन्न धरून वरच्या पद्धतीने काढलेला कर, ही दुसरी. समजा, जूनअखेर हिशेब केला आणि वर्षाची तूट ५,२०० डॉलर दिसली, तर उरलेल्या १३ पगारांत प्रत्येकी ४०० डॉलर जादा कापायला सांगावे. नवा अर्ज कधीही देता येतो, पण तो अमलात आणायला कंपनीला साधारण ३० दिवसांची मुभा असते. त्यामुळे डिसेंबरच्या पगारासाठी नोव्हेंबरच्या आरंभीच अर्ज द्यावा. बहुतेक कंपन्यांत तो ऑनलाइन भरता येतो आणि पुढच्याच पगारात दिसतो.

थोडी तूट राहिली म्हणून दंड होत नाही. विवरणपत्रात भरायची रक्कम १,००० डॉलरच्या आत असेल, किंवा चालू वर्षाच्या कराच्या ९० टक्के आधीच कापला गेला असेल, किंवा मागच्या वर्षीच्या एकूण कराइतकी (मागच्या वर्षीचे समायोजित उत्पन्न १,५०,००० च्या वर असेल तर त्याच्या ११० टक्के) कपात झाली असेल, तर हा दंडाचा आकार लागत नाही. मात्र मागच्या वर्षाची कसोटी वापरायची तर ते करवर्ष पूर्ण १२ महिन्यांचे असावे लागते. या कसोट्यांत न बसल्यास आकार लागतो तो व्याजासारखा.

इथे एक बारकावा फार थोड्यांना माहीत असतो. स्वतः तिमाहीने भरलेला अंदाजित कर ज्या तारखेला भरला त्या तारखेचाच धरला जातो. पगारातून कापलेला कर मात्र वर्षभर समान कापला गेला असे मानले जाते, मग तो प्रत्यक्षात डिसेंबरात का कापलेला असेना. ऑक्टोबरात मोठी तूट लक्षात आली, तर आयआरएसला थेट पैसे भरण्यापेक्षा शेवटच्या चार-पाच पगारांतून जादा कपात करून घेणे म्हणूनच फायद्याचे ठरते. काही महिने हात आखडता घ्यावा लागतो, पण आकार टळतो.

उलट बाजूने, दरवर्षी चार-पाच हजारांचा परतावा येत असेल तर काहींना तो सक्तीच्या बचतीसारखा आवडतो. माझ्या मते क्रेडिट कार्डाची थकबाकी असलेल्या घराने तरी तो आवडून घेऊ नये. ‘क’ ओळीतली रक्कम कमी करावी किंवा तिसरा टप्पा राहून गेला आहे का, हे पाहावे.

जानेवारी संपता संपता कंपनीकडून डब्ल्यू-२ येतो. वर्षात नोकरी बदलली असेल तर दोन येतात, आणि दोन्ही कंपन्यांनी सोशल सिक्युरिटी स्वतंत्रपणे कापलेली असल्याने दोन्हींच्या चौथ्या रकान्यांची बेरीज ११,४३९ डॉलरच्या पुढे गेलेली असू शकते. तो जादा भाग विवरणपत्रात परत मागता येतो. डब्ल्यू-२ च्या दुसऱ्या रकान्यातला आकडा म्हणजे वर्षभरात कापलेला फेडरल कर. तो डिसेंबरच्या शेवटच्या पे-स्टबच्या वायटीडी आकड्याशी जुळला पाहिजे, आणि जुळत नसेल तर विवरणपत्र भरण्यापूर्वी पेरोलकडून सुधारित डब्ल्यू-२ मागून घ्यावा. विवरणपत्र पूर्ण झाले की शेवटची ओळ, भरायची किंवा परत मिळणारी रक्कम, चालू वर्षाच्या उरलेल्या पगारांनी भागावी आणि येणारा आकडा ‘क’ ओळीत टाकायचा की तिथून काढायचा, हे त्याच बैठकीत ठरवून नवा डब्ल्यू-४ देऊन टाकावा. पुढचे दोन पे-स्टब उघडून बदल खरोखर लागू झाला आहे की नाही, तेवढे पाहावे.